हौसाक्कांनी गाडी बदलली

हौसाक्का टँकर रिव्हर्स घ्यायला लागल्या की आमच्या सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची. सूसच्या टेकडीच्या पायथ्याशी आमच्या सहा इमारती आहेत. बिल्डरनं पाण्याची टाकी अशा कोपऱ्यात बांधली होती की एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला पार्किंगचे खांब आणि मधे टँकर जेमतेम मावेल एवढी वाट. इतर टँकरवाले गेटपाशीच थांबून लांबलचक पाइप ओढत बसायचे. आक्का मात्र गाडी आत आणायच्या, वळवायच्या आणि उलटी, एका दमात, थेट टाकीपर्यंत न्यायच्या. खाली उतरून हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारं कुणी नसायचं. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान, तात्या, खिडकीकडं मान झुकवून बसलेले असत. मधूनच ते हळूच म्हणायचे, "उजवीकडं घे. भित जवळ आली."

तात्यांना दिसत नाही, हे मला पहिले दोन महिने कळलंच नव्हतं. इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, त्यावरून त्यांना अंतर समजायचं.

मी मूळची जालन्याची. हिंजवडीतल्या नोकरीमुळं इकडं आले, सूसला फ्लॅट घेतला आणि सोसायटीच्या कमिटीत कुणालाच नको असलेलं पाण्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं. उन्हाळ्यात दिवसाला चार टँकर लागायचे. एकदा कुणीतरी तक्रार केली की टँकरचं पाणी पिवळट येतं. मी चेहरा जमेल तेवढा कडक करून खाली गेले. आक्का ड्रायव्हरच्या बाजूनं उतरल्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच, सडसडीत बाई. गोल साडी, पदर कमरेला खोचलेला, त्यावर तात्यांचा जुना खाकी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. उजव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या आणि डावा हात मोकळा. डाव्या हातातल्या बांगड्या गिअरला अडकतात म्हणून त्या घालत नसत.

माझं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग केबिनमधून स्टीलचा पेला काढला, टँकरचा कॉक उघडून भरला, अर्धा स्वतः प्यायल्या आणि उरलेला माझ्यापुढं धरला.

"हेच पानी मी घरी पेते. आता तुमी प्या, मंग बोला."

मी प्यायले. पाणी स्वच्छ होतं. आक्का लगेच आमच्या टाकीवर चढल्या, झाकण उचलून आत डोकावल्या आणि मला वर बोलावलं. टाकीच्या तळाशी वीतभर गाळ होता.

"ही टाकी कवा धुतली व्हती?"

मी कमिटीत आल्यापासून तरी एकदाही नाही, हे मी कबूल केलं.

"आधी टाकी धुवा. तवर मी हितं पानी वतणार न्हाई," असं म्हणून आक्का भरलेला टँकर घेऊन निघून गेल्या. लोक माझ्यावर चिडले, दोन दिवस बादल्यांनी काम भागवलं, पण टाकी धुतली गेली. तिसऱ्या दिवशी आक्का न सांगता आल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मॅडम'ची 'बाई' झाले, आणि त्या माझ्या आक्का.

टँकर रिकामा व्हायला वीसेक मिनिटं लागत. तेवढ्यात मी चहा घेऊन खाली जायची आणि आक्का बोलायच्या. घर नेऱ्याला. गाडी तात्यांनी घेतलेली, दहा हजार लिटरचा टँकर, घेतल्यापासून तीच. तात्या तिला म्हातारी म्हणत. पंधराएक वर्षांपूर्वी काचबिंदूनं तात्यांची नजर कडेकडेनं जायला लागली. वर्षभर त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नाही. एक दिवस मारुंजीच्या रस्त्यावर त्यांनी भर दुपारी गाडी कडेला घेतली, घरी फोन केला आणि म्हणाले, "हौसे, मला उजवीकडचं काय दिसत न्हाई. मी आता गाडी हालवणार न्हाई."

धाकटे दीर म्हणाले, गाडी विकून टाकू. आक्का म्हणाल्या, "इकायची कशापायी? मी हाय की."

भात काढून झालेल्या खाचरात तात्यांनी त्यांना गाडी शिकवली. स्वतःला निम्मंच दिसायचं, म्हणून शिकवणी सगळी कानावर. इंजिन असं बोललं की गिअर बदल, असं बोललं की क्लच दाब. पंधरा दिवस अर्धं गाव बांधावर बसून शेंगा खात बघत होतं. सोळाव्या दिवशी आक्कांनी खाचराला पाच फेऱ्या मारल्या, गाडी बरोब्बर त्या बघणाऱ्यांपुढं आणून उभी केली आणि विचारलं, "चला, कोन येतंय पौडाला?"

"मग?" मी विचारलं.

"एक बी चढला न्हाई," आक्का म्हणाल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या.

पुढं मोठ्या गाडीचं लायसन झालं, तोवर तात्यांची नजर पुरती गेली. पण एकही फेरी त्यांनी चुकवली नाही. आक्का डोळे, तात्या कान. टायरमध्ये हवा कमी झाली, बेल्ट सैल झाला, की आधी तात्यांना कळायचं. आक्का कधीही "मी गाडी चालवते" म्हणत नसत. "आमी चालवतो" म्हणायच्या.

आक्कांना घाई करणारी माणसं आवडत नसत आणि गोड बोलणारी त्याहून नाही. कुणी काही भारी सांगायला लागलं, मग ते नवीन बियाणं असो की लग्नाचं स्थळ, की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "बगू. आधी लोड टाकून बगू."

आता एका पत्राबद्दल सांगायला हवं.

म्हातारी धूर फार सोडायची. टाकीच्या बाजूच्या फ्लॅटांमध्ये वाळत घातलेले कपडे काळे पडायचे. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांच्या नातीला दम्याचा त्रास होता आणि टँकर आला की ते खिडक्या लावून घ्यायचे. त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला. कमिटीनं ठरवलं की जानेवारीपासून धूर सोडणारी जुनी गाडी आत घ्यायची नाही. पत्रावर सही माझी. नुसतं पत्र पाठवायची मला लाज वाटली, म्हणून मी स्वतः नेऱ्याला गेले.

आक्कांचं घर दोन नव्या इमारतींच्या मधे होतं. शेजारी दिरांनी जमीन विकून खोल्या बांधल्या होत्या, भाडेकरूंचे कपडे गच्चीभर वाळत होते. आक्कांनी पत्र सावकाश वाचलं, घडी घातली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकायला लागणार.

"धूर हुतोय हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "मला बी आरशात दिसतो. लवळ्याच्या कालिजला पानी देते, त्यांनी बी ह्येच सांगितलंय. आरटीओचं पासिंग बी आता दरसाली अवघड व्हत चाललंय."

ओसरीवर बसलेले तात्या म्हणाले, "म्हातारीला काय झालंय? चढतीया की."

"चढतीया. पर मागच्याचा जीव घेतीया."

तात्या माझ्या दिशेनं वळले. "बाई, नवीन गाडी म्हंजी बंद डबा. काचा वर, आवाज न्हाई. त्यात मी काय करू? ही मला घरीच ठेवंल."

तेवढ्यात दीर आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडी द्या मोडीत, चार खोल्या बांधा आणि आरामात बसा. आक्का त्यांना म्हणाल्या, "भावजी, खोल्या बांधून दारात बसू व्हय? मला बसायची सवय न्हाई." तात्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मी निघाले तेव्हा त्या दोघांमध्ये मी एक पत्र नाही, काहीतरी जड सामान ठेवून चालले आहे असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी आक्कांचा फोन आला. "बाई, शोरूमला चला. विंग्रजी कागद वाचायला कुनीतरी पायजे."

जुनी गाडी देऊन नवी डिझेल गाडी घ्यायची, असं ते प्रकरण होतं. शोरूममधला विक्रेता टाय लावलेला, बोलका माणूस. त्यानं आम्हाला बसवलं आणि तात्यांकडं वळून सुरू केलं, "काका, ह्या इंजिनाचं पिकअप बघाल ना…"

"तिला सांगा," तात्या म्हणाले. "मी पॅसिंजर हाय."

तो आक्कांकडं वळला. धूर का होत नाही हे समजावताना त्यानं सांगितलं की ह्या गाडीत डिझेलशिवाय एक वेगळी छोटी टाकी असते, तिच्यात युरियाचं पाणी भरावं लागतं.

"युरिया?" आक्का म्हणाल्या. "भाताला टाकतो त्यो?"

"तसाच, पण शुद्ध केलेला. तो संपला की गाडीची ताकद कमी होते."

आक्कांनी तात्यांकडं बघितलं. "ऐकलंत का? हिला बी खत घालायला लागतंय." तात्या त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

मग विक्रेता म्हणाला, चला, एक चक्कर मारून बघा. आक्का जागच्या उठल्या नाहीत.

"भरल्याली हाय का?"

"नाही, ट्रायल रिकामीच असते."

"रिकामी गाडी कुनीबी चालवंल. दहा टन टाका आन् लवळ्याच्या चढाला आना. तितं बगू."

त्यानं बरीच कारणं सांगितली. आक्कांनी सगळी शांतपणे ऐकली आणि घरी जायला निघाल्या. दाराशी पोचायच्या आत तो मागं आला. रविवारी सकाळी गाडी भरून पाठवतो म्हणाला.

रविवारी खडीनं भरलेली ट्रायलची गाडी लवळ्याच्या चढाखाली उभी होती. सोबत शोरूमचा ड्रायव्हर आणि तो विक्रेता. मी माझ्या गाडीतून मागं. आक्कांनी ड्रायव्हरला सांगितलं की चढाच्या मधोमध, वळणावर, जिथं कॉलेजच्या रिक्षा आडव्या येतात, तिथं गाडी पूर्ण थांबवायची आणि पुन्हा उचलायची.

"लोडमध्ये तिथं कुणी थांबवत नाही, मावशी," तो म्हणाला.

"मी रोज थांबते. सरक."

तो खालीच राहिला. आक्का चढल्या, तात्या शेजारी, विक्रेता मागच्या बाकावर. गाडी निघाली. मी मागं होते, बरंच अंतर ठेवून. वळणावर ब्रेकचे दिवे लागले आणि दहा टन भरलेली ती अख्खी गाडी चढावर उभी राहिली. वरून उतरणाऱ्या दोन रिक्षा कडेला थांबल्या. म्हातारी इथून निघताना काळ्या धुराचा लोट सोडायची, हातभर मागं यायची आणि मग कण्हत कण्हत चढायची. ही गाडी बोटभरही मागं आली नाही. हलली ती वरच्याच दिशेला. धूर नाही. वरच्या सपाटीवर कँटीनपाशी मी पोचले तेव्हा आक्का इंजिन सुरू ठेवून खाली उतरल्या होत्या. त्यांचा चेहरा लग्नातल्या करवलीसारखा फुलला होता. कँटीनबाहेर चहा पिणारी मुलंमुली त्यांच्याकडं बघत होती.

"तिसऱ्या गिअरात चढली बाई," त्या मला म्हणाल्या. "तिसऱ्या."

मग त्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि दार उघडलं. तात्या हात मांडीवर ठेवून बसले होते.

"कशी हाय?"

"काय कळत न्हाई, हौसे. आत निजल्यावानी वाटतंया. गिअर कवा बदललास ते बी कळलं न्हाई."

आक्का विक्रेत्याकडं वळल्या आणि सरळ म्हणाल्या, "गाडी लई चांगली हाय. पर मला न्हाई घ्यायची."

"का? काय कमी आहे?"

"मी एकटी गाडी चालवत न्हाई."

त्याला काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी सही केलेलं ते पत्र आठवून मान खाली घातली. म्हणजे जानेवारीपासून लवळ्याचं काम नाही, आमचं नाही, आणि आक्का दारात बसणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. त्यांनी तात्यांना उतरायला हात दिला.

तात्या खाली उतरले आणि तिथंच थांबले.

"थांब. मागं काय वाजतंय?"

कुणालाच काही ऐकू आलं नाही. तात्यांनी मान तिरकी केली. "बारीक हाय. कानात सुई घातल्यावानी." ते गाडीच्या कडेनं हात फिरवत चालू लागले, मागच्या डाव्या चाकापाशी वाकले आणि आत बोट दाखवलं. "हितं हवा जातीया."

"काका, गाडी नवीन आहे, असं काही नसतं," विक्रेता म्हणाला.

आक्का कँटीनमध्ये गेल्या आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी वाटीत घेऊन आल्या. तात्यांनी दाखवलेल्या जागी, ब्रेकच्या हवेच्या नळीच्या सांध्यावर, ते टाकलं. एकामागून एक बारीक बुडबुडे येऊ लागले. चालत वर पोचलेल्या ड्रायव्हरनं पाना घेऊन सांधा आवळला. बुडबुडे थांबले. चहा पिणारी मुलं आता जवळ येऊन उभी राहिली होती, एकानं टाळीसुद्धा वाजवली.

तात्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते पुन्हा गाडीभोवती फिरत होते. पंख्यापाशी थांबले. पुढच्या चाकापाशी थांबले. बॉनेटखालून येणाऱ्या बारीक शिट्टीपाशी तर बराच वेळ उभे राहिले आणि आक्कांना म्हणाले, "जरा रेस दे." आक्कांनी दिली. "आता सोड. परत दे." दोनतीनदा असं झालं. मग ते आक्कांपाशी आले.

"हौसे, म्हातारी एवढी वरडायची की तिच्या पोटातलं मला कायच ऐकू यायचं न्हाई. हिचं सगळं ऐकू येतंय, काच तेवढी खाली ठेवायची. गिअरला रेस सोडली की ही शिट्टी बसती आन् परत उठती. मघाशी मी भलतंच ऐकत बसलो व्हतो."

"मंग?"

"मंग काय. घे."

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. मग विक्रेत्याला म्हणाल्या, "आना तुमचे कागद." तो बिचारा आमच्याकडं न बघता तात्यांकडं बघत होता. शोरूममधल्या बाकीच्या गाड्याही एकदा ऐकून जा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

म्हातारीवरची पाण्याची टाकी काढून नव्या गाडीवर चढवायची ठरली आणि खाली उरलेली गाडी शोरूमला द्यायची. आक्का ती स्वतः घेऊन गेल्या. आदल्या दिवशी तिला आतून बाहेरून धुतलं होतं. तिथल्या यार्डातल्या माणसाला त्यांनी जवळ बोलावलं. "दुसरा गिअर जरा थांबून टाक. डाव्या दाराला वर उचलून वढ. थंडीत पयल्या चावीला उठत न्हाई, दुसऱ्याला उठती, तवर शिव्या देऊ नको." तो हो हो म्हणाला. आक्कांनी त्याच्याकडून तिन्ही गोष्टी पाठ म्हणवून घेतल्या आणि मगच चावी दिली. तात्यांनी बॉनेटवर एकदा तळहात ठेवला आणि आक्कांना म्हणाले, "चल गं, नवी नवरी खोळंबलीया."

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी नवा टँकर आमच्या गेटात आला. गॅलऱ्या भरल्या होत्या. आक्कांनी गाडी वळवली, रिव्हर्स टाकला आणि मागचा भोंगा टुक टुक वाजायला लागला. मला धाकधूक होती. भिंत आणि खांब यांच्यामधून गाडी पूर्वीपेक्षाही सरळ, तशीच एका दमात टाकीपाशी गेली. उतरल्यावर तात्या मला म्हणाले, "ह्यो टुक टुक भितीवर आपटून कसा चोख येतोय बगा. इंजिनापरीस बरा." वर कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि त्या सहाही इमारतींतून आल्या. कुलकर्णी आजोबांच्या खिडक्या उघड्या होत्या. ते नातीला घेऊन खाली आले आणि आक्कांना म्हणाले, "मीच तक्रार केली होती हो तुमची."

"बरं केलंत," आक्का म्हणाल्या. "न्हाईतर मी कशाला बदलली असती?"

पुढच्या वर्षी आमच्याकडं नळाचं पाणी नियमित यायला लागलं आणि टँकर बंद झाले. आक्का महिनोन्महिने दिसल्या नाहीत. लवळ्याचं काम चालू आहे आणि आता पिरंगुटच्या दोन कारखान्यांचंही मिळालंय, एवढं फोनवर कळायचं.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सोसायटीतले काही जण मुळशी धरणाकडं निघालो होतो. पौडला चहाला थांबलो, तर रस्त्याकडेला तोच टँकर, लखलखीत धुतलेला. आक्का चक्क पैठणी नेसलेल्या. खाकी शर्ट नाही. तात्यांच्या डोक्यावर नवी कोरी टोपी.

"आक्का, आज पाणी कुठं नेताय?"

"आज रिकामीच हाय. ताम्हिणीच्या घाटातनं माणगावला जाऊन येतोय."

"एवढ्या लांब? कशाला?"

आक्कांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "ह्यांनी तरणेपणी ह्याच घाटातनं कोकणातला जांभ्याचा चिरा वाहिलाय. तवा मी म्हनायची, एकदा मला बी न्या. कधी न्हेलं न्हाई. म्हनायचे, बाईमानसाचं काम न्हाई घाटातलं." त्या तात्यांकडं बघून हसल्या. "आता मी नेते ह्यांना."

तात्या टोपी सारखी करत म्हणाले, "नेतीया तर जातोय. मी कुटं न्हाई म्हनतोय?"

त्या केबिनमध्ये चढल्या, पैठणीचा पदर खोचला, तात्यांचं दार नीट लागलंय का ते वाकून पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. पुढं पर्यटकांच्या मोटारींची रांग रेंगाळत होती. आक्कांनी उजवा दिवा लावला, समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबल्या आणि एक, दोन, तीन मोटारी मागं टाकून डोंगराच्या दिशेनं निघून गेल्या.